गोल तोंडाचं कुलूप

गोल चावीची कुलपं सगळ्यांच्या पाहण्यातली असतात, पण त्यांच्याकडे निरखून कुणी पाहत नाही. वेंडिंग मशीनच्या दारावर, लिफ्टच्या पॅनेलवर, अलार्मच्या पेटीवर, नाणी टाकून चालणाऱ्या वॉशिंग मशीनवर, लॅपटॉप टेबलाला बांधायच्या केबलवर ती बसवलेली असतात. नेहमीची चपटी चावी फटीत जाते. इथली चावी म्हणजे एक आखूड पोकळ नळी. ती कुलपाच्या मधल्या खुंटीवर चढवायची, दाबायची आणि फिरवायची. ट्युब्युलर कुलूप म्हणतात ते हेच.

कुलपं चावीशिवाय उघडण्याचा, म्हणजे पिकिंगचा, नाद मला बरीच वर्षं आहे. धंदा नाही, निव्वळ हौस. साधी पॅडलॉक आणि दाराची सिलिंडर कुलपं यांच्यावर हात बऱ्यापैकी बसल्यावर मी गोल कुलपांकडे वळले, तेव्हा सगळ्यात आधी कानावर आली ती हेटाळणी. या छंदातल्या मंडळींचा एक ठरलेला सूर आहे: ट्युब्युलरला कसब लागत नाही, त्याचं तयार अवजार मिळतं, ते लावायचं, हलवायचं, उघडलं. त्याला काय पिकिंग म्हणायचं? मला हे पटत नव्हतं, पण खोडून काढण्याइतकी माहितीही हाताशी नव्हती. म्हणून दोन कॅम लॉक आणली, म्हणजे कपाटाच्या किंवा पेटीच्या दाराला लागतात तसली, मागे आडवी पट्टी फिरणारी. त्यातलं एक फक्त कापाकापीसाठी.

पिक करण्याआधी कुलूप खोलून पाहायचं हा माझा शिरस्ता आहे. ट्युब्युलर खोलणं मात्र सरळ नाही. बाहेरच्या कवचाच्या कडेला एक बारीक पिन ठोकून बसवलेली असते आणि तिचं डोकं घासून कवचाशी सपाट केलेलं असतं. ती पिन शोधण्यातच अर्धा वेळ जातो. कुलूप उजेडात तिरपं धरून हळूहळू फिरवलं की एका ठिकाणी चमक किंचित वेगळी दिसते, तीच ती. तिथं खूण करून बारीक ड्रिल मारलं, आणि पुढचं सगळं काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून केलं. असं न करणाऱ्याला सात स्प्रिंगा घरभर शोधाव्या लागतात, आणि त्या केसाएवढ्या बारीक असतात.

आतली रचना पाहिली आणि मन खूश झालं. पितळेच्या दोन जाड चकत्या एकमेकींना चिकटून. पुढची चकती मधल्या खुंटीबरोबर फिरते, मागची कवचात पक्की बसलेली. दोन्हींत गोलाकार ओळीनं सात भोकं, एकासमोर एक. प्रत्येक भोकात पुढे एक पिन, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे स्प्रिंग. कुलूप बंद असतं तेव्हा मागची पिन दोन्ही चकत्यांच्या सांध्यावर आडवी आलेली असते, त्यामुळे पुढची चकती हलत नाही. चावीच्या नळीच्या कडेला सात खाचा असतात, प्रत्येकीची खोली वेगळी. चावी दाबली की प्रत्येक पिन आपापल्या हिशेबानं आत ढकलली जाते आणि सातही जोड्यांचा सांधा चकत्यांच्या सांध्याशी जुळतो. याच सांध्याला शिअर लाइन म्हणतात. तो जुळला की चकती मोकळी. खाच जितकी खोल तितकी ती पिन कमी ढकलली जाते, म्हणून खोल खाचेसमोरची पुढची पिन लांब असते. हे वाचताना उलटं वाटतं. पिना टेबलावर ओळीनं मांडून शेजारी चावी ठेवली की लगेच पटतं.

साध्या कुलपात पिना एकीमागे एक उभ्या असतात. मागच्या पिनेपर्यंत पोचायचं तर पुढच्या चारपाच जणींना धक्का न लावता अंधारात चाचपडत जावं लागतं. इथं सातही जणी पंगतीला बसल्यासारख्या समोर. टोकं दिसतात, मोजता येतात, हवी ती दाबता येते. मग हे कुलूप जास्त सुरक्षित कसं समजलं गेलं? कारण नेहमीची हत्यारं इथं कुचकामी ठरतात. चपट्या फटीसाठी वाकवलेला हुक घेऊन कुणी आलं तर त्याला टेन्शन, म्हणजे फिरवण्याचा हलका जोर, लावायला नीटशी जागाच सापडत नाही. शिवाय चावी करून देणाऱ्या प्रत्येकाकडे नळीच्या तोंडावर खाचा पाडायचं यंत्र नसतं.

ही कल्पना अगदी नवी नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं १७८४ साली पेटंट घेतलेल्या कुलपाची चावीही नळीच होती, तोंडाशी वेगवेगळ्या खोलीच्या खाचा असलेली. पिनांऐवजी आत वर्तुळात उभ्या सरकत्या पट्ट्या. असंच अठरा पट्ट्यांचं एक कुलूप त्याच्या कंपनीनं लंडनच्या दुकानाच्या खिडकीत ठेवलं होतं आणि उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं होतं. ते १८५१ साली आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनानं उघडलं. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. मला या गोष्टीत बक्षिसापेक्षा एकच तपशील महत्त्वाचा वाटतो: हॉब्जनं कुलपाजवळ आपली उपकरणं बसवून घेतली होती. म्हणजे 'अवजार वापरलं तर ते कसब नाही' ही तक्रार किमान तेवढी जुनी असणार. पिना आणि स्प्रिंगा असलेलं आजचं रूप शिकागो लॉक कंपनीच्या 'एस' (Ace) कुलपांनी १९३०च्या दशकापासून रुळवलं. त्या पद्धतीच्या सात पिनांच्या कुलपात खाचेच्या खोलीचे आठ टप्पे असतात, दोन टप्प्यांमधला फरक साधारण ०.४ मिलिमीटर. कागदावर गणित केलं तर ८ चा सातवा घात, म्हणजे २०,९७,१५२ चाव्या. पिक करणाऱ्याला या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. तो सगळ्या चाव्या करून पाहत नाही, पिनांना एकेक करून विचारतो.

आता अवजार. पोलादाची एक नळी, तिच्या तोंडाभोवती सात उभ्या खोबणी, प्रत्येक खोबणीत एक लांब सुई. सुया पुढेमागे सरकतात. त्यांच्यावरून रबराची रिंग आणि तिच्यावर फिरवून आवळायची कॉलर. मागे पकडायला जाडसर मूठ. नळीच्या आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, तो कुलपाच्या खुंटीवरच्या खाचेत बसतो. फिरवण्याचा जोर तिथूनच लागतो. ही अवजारं ७, ७.५ आणि ७.८ मिलिमीटर अशा मापांत येतात. माप चुकीचं असेल तर एक तर ते खुंटीवर चढतच नाही, नाही तर चढून एवढं डगमगतं की सुया पिनांच्या कडेवर टेकतात, मधोमध नाही. व्हर्नियर कॅलिपर लावून खुंटी मोजावी आणि मगच अवजार निवडावं. अंदाजावर जाऊ नये.

कृती सांगायला चार ओळींची आहे. अवजाराचं तोंड सपाट पृष्ठभागावर टेकवून सगळ्या सुया एका पातळीत आणायच्या. कॉलर थोडी आवळायची. अवजार खुंटीवर चढवून हलक्या हातानं आत दाबत राहायचं आणि दाबताना डावीकडे-उजवीकडे अगदी किंचित हलवत राहायचं. सुया हळूहळू मागे सरकतात, प्रत्येक आपापल्या जागी थांबते आणि कुलूप फिरतं.

'कॉलर थोडी आवळायची' यातल्या 'थोडी'त सगळं कुलूप आहे. माझ्या ओळखीतले एक काका आहेत, कुलपं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. मी उत्साहानं त्यांना फोनवर सांगायला लागले की यात अवजारापेक्षा हात महत्त्वाचा वगैरे. त्यांनी मधेच तोडलं. "अगं, ते राहू दे. कॉलर किती आवळलीस ते सांग."

किती, याचं उत्तर आकड्यात देता येत नाही, पण का ते सांगता येतं. सुईवर तीन बळांची ओढाताण चालते. पिनेमागची स्प्रिंग सुईला बाहेर ढकलते. कॉलरचं घर्षण सुईला जागेवर धरून ठेवतं. आणि तिसरं बळ कुलूपच पुरवतं: पिना सांध्याशी जुळल्या की हलवण्यामुळे पुढची चकती केसभर सरकते, भोकं एकमेकांसमोरून जराशी हलतात आणि पुढची पिन मागच्या चकतीच्या कडेवर टेकते. तिला आता आत जायला वाटच नाही. आपण मात्र अवजार दाबतच असतो, मग कुणाला तरी मागे यावं लागतं. सुई मागे सरकते. कडेचा हा अडथळा स्प्रिंगेपेक्षा कितीतरी जोरकस असतो. घर्षण या दोघांच्या मधे कुठं तरी असायला हवं. स्प्रिंगेला हार न जाणारं, पण कडेपुढे नमतं घेणारं.

हे नीट समजावं म्हणून मी मुद्दाम दोन्ही टोकं करून पाहिली. कॉलर अगदी सैल ठेवली तर स्प्रिंगाच सुयांना मागे लोटतात. अवजार पूर्ण आत बसतं, पिना जागच्या हलत नाहीत आणि कुलूप ढिम्म. ही अवस्था ओळखायला सोपी आहे, कारण दाबताना हाताला काहीच विरोध लागत नाही. कॉलर करकचून आवळली तर सुया मागे यायलाच तयार नसतात, त्या पुढच्या पिनेला सांध्याच्या पलीकडे मागच्या चकतीत ढकलून देतात. कुलूप आता वेगळ्या तऱ्हेनं अडतं. यात गोम अशी की पहिल्या काही क्षणांत खूप काही घडतंय असं वाटतं, अवजार घट्ट बसल्यासारखं लागतं, माणूस आणखी जोर लावतो आणि एखादी सुई वाकवून बसतो. सुई एकदा वाकली की ती खोबणीत घासत चालते आणि तिचं घर्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं. मग कॉलरचा कुठलाही हिशेब जुळत नाही. काम सुरू करण्याआधी प्रत्येक सुई नखानं पुढेमागे सरकवून सगळ्यांची चाल सारखी आहे ना, हे पाहण्याची सवय मी तेव्हापासून ठेवली आहे.

बरोबर आवळलेली कॉलर हाताला कळते. दाबताना आधी सलग, मऊ विरोध लागतो. मग त्यात बारीक ठोके यायला लागतात, एकेका सुईचे. ते कानाला ऐकू येत नाहीत, अंगठ्याला लागतात. हलवण्याची कक्षा किंचित वाढल्यासारखी वाटते. एवढ्यावर घाई केली तर बिघडतं. दाब तसाच ठेवून हलवत राहायचं. मग एका क्षणी डावी-उजवी हालचाल थांबायच्या ऐवजी पुढेच जाते. पहिल्यांदा कुलूप फिरलं तेव्हा मला आधी वाटलं अवजारच खुंटीवरून घसरलं. मागे पाहिलं तर आडवी पट्टी उभी झालेली.

खरी मजा त्यानंतर आली. कुलूप परत बंद करून, कॉलर न हलवता, अवजार सरळ बाहेर काढलं. सात सुया सात वेगवेगळ्या जागी थांबलेल्या. शेजारी त्या कुलपाची चावी धरली. चावीवर जिथं खोल खाच तिथं सुई मागे सरलेली, जिथं उथळ तिथं पुढे. म्हणजे हातात जे होतं ती त्या कुलपाची दुसरी चावीच होती, फक्त सुयांची. मी कॅलिपरनं एकेक सुई मोजून कागदावर मांडली आणि चावीच्या खाचांशी ताडून पाहिली. बहुतेक ठिकाणी फरक नगण्य, दोन ठिकाणी सुई जरा जास्त मागे. एवढी ढील कुलपातच असते. आठ टप्पे ०.४ मिलिमीटरच्या अंतरानं असल्यामुळे जवळचा टप्पा धरला की मेळ बसतो. चावी हरवलेल्या ग्राहकासाठी चावीवाले हेच करतात: अवजारानं उघडतात, सुया मोजतात आणि त्या मापानं कोऱ्या नळीवर खाचा पाडतात. साध्या कुलपात पिक करून उघडलं तरी चावी कशी होती हे समजत नाही. ट्युब्युलरचं अवजार मात्र उघडता उघडता चावी लिहून ठेवतं. याला कमअस्सल म्हणणाऱ्यांनी ती लिहिलेली चावी एकदा तरी वाचायला हवी.

इथं पेनची गोष्ट आठवते, कारण तत्त्व तेच. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची सायकलची यू-लॉक साध्या बॉलपेनच्या मागच्या नळीनं उघडतात, असे व्हिडिओ इंटरनेटवर फिरले आणि एकच गदारोळ झाला. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली आणि तिनं पुढे गोल चावीच सोडली. ब्रिटनमधल्या एका सायकलविषयक मासिकानं या कमजोरीबद्दल १९९२ सालीच लिहिलं होतं, पण तेव्हा ते दाखवायला व्हिडिओ नव्हता. पेनचं प्लॅस्टिक मऊ असतं, पिना त्यात रुततात आणि सांध्याशी जुळल्यावर थांबतात. सुयांचं काम प्लॅस्टिक करतं, कॉलरचं काम त्याचा मऊपणा. मी हे माझ्या कापाकापीच्या कुलपाच्या जोडीदारावर करून पाहिलं आणि ते उघडलं नाही. खुंटीचं माप पेनशी जुळतच नव्हतं. त्या यू-लॉकांचं दुर्दैव असं की नळीचं आणि पेनचं माप जवळपास एक निघालं.

यानंतर दुसऱ्या एका कुलपानं मला चांगलंच दमवलं. दिसायला तसंच, सात पिना, माप तेच. पण अवजार लावलं की नेमकी एकच सुई पार मागे जाऊन बसे, दर वेळी तीच. कॉलर आवळली की ती जागेवर राही, पण मग बाकीच्या पिना सांध्यापलीकडे जात. अवजार बाजूला ठेवून मी एका बोथट तारेनं पिना एकेक दाबून पाहिल्या. सहा पिना सारख्या मऊ, सातवी राठ. कुलूप बनवणाऱ्यानं एका भोकात मुद्दाम जास्त ताकदीची स्प्रिंग घातली होती.

हे कळल्यावर मला त्या अनामिक कारागिराचं कौतुक वाटलं. मी वर जो तीन बळांचा हिशेब मांडला तो त्याला माझ्याआधी ठाऊक होता. कॉलर सगळ्या सुयांना एकच घर्षण देते, तेव्हा सगळ्या स्प्रिंगा सारख्या असतील तरच अवजार चालतं. एक स्प्रिंग बदलली की झालं. खर्च नगण्य, चावीवाल्या मालकाला फरकही जाणवत नाही. याच्यावर उपाय आहे, पण त्यासाठी अवजाराला अवजार म्हणून वागवणं सोडावं लागतं. कॉलर सहा पिनांच्या हिशेबानं लावायची, त्या सहा बसू द्यायच्या, आणि हलका पीळ धरून ती सातवी सुई मागून बोटाच्या टोकानं थोडीथोडी पुढे रेटायची, कडेवर टेकल्याचा ठोका लागेपर्यंत. एका हातात दाब, पीळ आणि हलवणं, दुसऱ्या हाताचं एक बोट सुईवर. कुलूप व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, धरलं नाही तर हे जमत नाही.

मग वाटलं, एक पिन बोटानं बसवता येते तर सातही का नको? पुढचे बरेच दिवस मी खास अवजार गुंडाळून ठेवलं. खुंटीवरच्या खाचेत बसेल अशी पोलादाची चपटी पट्टी कानशीनं घासून घेतली. तीच टेन्शन टूल. पिना दाबायला बोथट टोकाची सरळ तार. पट्टीवर अगदी हलका पीळ द्यायचा आणि पिना गोलात एकेक चाचपायच्या. ज्या मोकळ्या असतात त्या स्प्रिंगेवर उड्या मारतात. एखादी आवळलेली असते, ती दाबताना खरखरीत लागते. तीच आधी. ती सांध्याशी आली की पट्टी नखाच्या कडेएवढी सरकते आणि दुसरी कुठली तरी पिन आवळते. साध्या कुलपाचंच हे तंत्र, फक्त आडवं. पिना समोर दिसत असल्यामुळे कुठली बसली हे डोळ्यांनीही थोडं कळतं: बसलेली पिन दाब काढला तरी वर येत नाही, आतच राहते.

सातवी बसली, चकती फिरली, आणि लगेच खट्ट असा आवाज होऊन कुलूप पुन्हा अडकलं. सगळ्या पिना परत वर. ट्युब्युलर हातानं पिक करणाऱ्या प्रत्येकाला हा आवाज भेटतो. सात भोकं वर्तुळात सारख्या अंतरावर आहेत. चकती सुमारे ५१ अंश फिरली की पुढची सात भोकं मागच्या सात भोकांसमोर पुन्हा येतात, फक्त प्रत्येक भोक शेजारच्या जागी. आतल्या स्प्रिंगा वाटच पाहत असतात. मागच्या पिना उसळून पुढच्या चकतीत घुसतात आणि कुलूप नव्यानं बंद. चावी किंवा सुयांचं अवजार लावलेलं असताना असं होत नाही, कारण तेव्हा पुढच्या पिना आत दाबून धरलेल्या असतात आणि मागच्यांना यायला जागा नसते. हातानं करताना पिना धरून ठेवणारं कुणीच नाही.

म्हणून तेच काम परत. मागची आडवी पट्टी ९० अंश फिरून उघडणारं कुलूप असेल तर दोन फेऱ्यांत भागतं, १८० अंशांचं असेल तर चार. पिना त्याच आहेत, तेव्हा दुसरी फेरी पहिलीची नक्कल असेल असं वाटतं, पण तसं होत नाही. प्रत्येक पिन किती ढकलायची ते तेच राहतं, पण आवळण्याचा क्रम बदलतो. कुठली पिन आधी आवळणार हे पुढच्या आणि मागच्या भोकांच्या अगदी बारीक वाकडेपणावर ठरतं, आणि चकती सरकल्यावर भोकांच्या जोड्याच बदललेल्या असतात. कुलूप तेच, चावी तीच, आणि तरी दर ५१ अंशांना एक नवी तक्रार. मला विचाराल तर ट्युब्युलरची खरी चव या दुसऱ्या फेरीत आहे. पहिली फेरी आशेवर निभते, दुसरीत क्रम नव्यानं ऐकायची तयारी लागते.

याच ठिकाणी एक गोष्ट नव्या मंडळींना ठासून सांगावीशी वाटते. अर्ध्यावर अडकलेल्या कुलपात त्याची स्वतःची चावीही जात नाही. चावीच्या नळीला बाहेरूनही एक उंचवटा असतो. तो कवचाच्या खाचेतून आत शिरतो आणि त्याच वेळी आतला उंचवटा खुंटीच्या खाचेत बसतो. चकती ५१ अंशांवर थांबली की या दोन खाचा एका रेषेत राहत नाहीत. कुलूप ना बंद, ना उघडं, आणि मालक चावी हातात घेऊन उभा. वापरात असलेल्या कुलपावर कधी प्रयोग करायचा नाही आणि दुसऱ्याच्या कुलपाला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे या छंदाचे दोन नियम सगळीकडे सांगितले जातात. दुसऱ्याचं कारण सांगायला नको. पहिल्याचं कारण ट्युब्युलर इतकं स्पष्ट दुसरं कुठलंच कुलूप दाखवत नाही. मी सरावाच्या कुलपाला मुद्दाम मधल्या जागेवर थांबवून तिथून परत मूळ जागी आणण्याचा सराव केला. उलट्या दिशेचा पीळ, परत आवळण्याचा वेगळा क्रम, आणि शेवटी खाचा जुळल्यावर चावी सरळ आत. हा सराव कंटाळवाणा आहे, पण करावा.

दोन्ही रीतींनी उघडून झाल्यावर मी पुन्हा खास अवजाराकडे आले तेव्हा ते मला वेगळंच लागलं. आता कॉलर आवळण्याआधी मी तारेनं पिना चाचपून स्प्रिंगांचा अंदाज घेते. हलवताना ठोका कुठून आला हे बऱ्याचदा कळतं, कारण तोच ठोका मी तारेवर एकेक करून ऐकलेला असतो. हातानं पिक केल्याशिवाय अवजार हातात घेऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. उलट क्रमानंही चालतं. मी स्वतः उलट क्रमानंच गेले. फक्त एकावरच थांबू नये.

कापलेलं पहिलं कुलूप मी फेकलं नाही. ड्रिलनं उडवलेल्या पिनेच्या जागी पितळेची तार कापून ठोकली की ते परत जुळतं, आणि मुख्य म्हणजे हवं तेव्हा परत खोलता येतं. आत काय घालायचं हे आपल्या हातात. आधी सगळ्या स्प्रिंगा सारख्या ठेवून पाहिलं. मग एक राठ, मग दोन राठ. मग एक मागची पिन ड्रिलच्या चकमध्ये फिरवत कानशीनं मधे कोरली, रिळासारखी. अशी पिन सांध्यावर अर्धवट तिरपी अडकते, चकती थोडी फिरते आणि सगळं बसल्याचा भास होतो. सुटका हवी तर पीळ थोडा सैल सोडून चकतीला मागे जाऊ द्यावं लागतं. सुयांच्या अवजाराला हे मागे जाणं फारसं मानवत नाही, कारण ढील दिली की बसलेल्या सुयांपैकी एखादी हमखास निसटते.

शेवटी एक राठ स्प्रिंग आणि एक कोरलेली पिन अशी जोडी घालून, तार ठोकून, मी ते कुलूप काकांकडे पाठवून दिलं. सोबत चावी दिली नाही. परवा त्यांचा फोन आला. ख्यालीखुशाली न विचारताच म्हणाले, "तीन नंबरला काय घातलंयस?" मी सांगितलं नाही. त्यांनी कुलूप अजून परत केलेलं नाही, आणि कॉलर किती आवळली हेही मी अजून विचारलेलं नाही.